नव्या समाजात रुळायला सोशल मीडिया हातभार लावतो की आडवा येतो?

पाऊलखूण (धागाकर्ता)

मंडळी, हा विषय कुठल्या सदरात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतोय, संपादकांना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

मी राहतो त्या शहरात बाहेरून नव्याने आलेल्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्याच्या अ‍ॅडमिनांपैकी मी एक. पहिला ग्रुप भरला (१०२४ च्या वर माणसं घेता येत नाहीत) म्हणून दुसरा काढला, तोही आता भरत आलाय. रोज तेच प्रश्न. घर कसं शोधायचं, बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि घर मिळायला बँकेचं खातं लागतं मग आधी काय करायचं, मुलांच्या शाळेचा अर्ज, डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं. उत्तरं दहा मिनिटांत मिळतात आणि मिळायलाच हवीत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या आधी आलेल्यांनी यातल्या एकेका गोष्टीसाठी आठवडेच्या आठवडे घालवलेत.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. मध्ये एकाने रात्री फोटो टाकला, शेजाऱ्याने दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा. चिठ्ठीत एवढंच की रात्री उशिरा खुर्ची ओढल्याचा आवाज खाली येतो, जरा बघाल का, आणि खाली नाव न् फ्लॅट नंबर. याने विचारलं, हा माणूस रागावलाय का, मी काय करू. झालं, धो धो उत्तरं. एक म्हणाला सरळ दुर्लक्ष कर, एक म्हणाला हा वर्णद्वेष आहे, चिठ्ठी जपून ठेव पुरावा म्हणून, एकाने घरमालकाला पाठवायच्या मेलचा अख्खा मसुदा करून दिला, एकीने तिच्या जुन्या शेजाऱ्याची चिठ्ठी कुठून तरी शोधून काढून टाकली. खाली जाऊन बेल वाजव असं एकानेही सांगितलं नाही. मी बघेपर्यंत विषय कुठल्या कुठे गेला होता. तो मुलगा पुढे दुसरीकडे राहायला गेला, मध्ये भेटला तेव्हा मुद्दाम विचारलं तर म्हणाला नाही हो, त्या माणसाशी कधी बोलणंच झालं नाही, जिन्यात दिसला की मी फोनमध्ये डोकं घालायचो.

तर मला वाटायला लागलंय की ग्रुप इतकं पटकन आणि इतकं आपुलकीने उत्तर देतो की अनोळखी माणसाला काही विचारायची वेळच येत नाही, आणि रुळणं जे काही असतं ते त्या विचारण्यातूनच होतं. तुटक्या भाषेत विचारायचं, समोरच्याला कळत नाही, परत विचारायचं, कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि पुढच्या वेळी तोच माणूस ओळखीचं हसतो. सुरुवातीचे महिने ग्रुप तारून नेतो आणि नंतर तोच पाय धरून ठेवतो. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत). तुमचे अनुभव लिहा, फक्त देशाबाहेर गेलेल्यांनीच नाही, गाव सोडून मोठ्या शहरात आलेल्यांनीही.

काडीपेटी

मी पैला. धागा झकास पण आमचं नावच असं आहे म्हणून काडी टाकतो. तो शेजारी तरी वर येऊन बोलला का? त्यानेही चिठ्ठीच डकवली ना? म्हणजे मूळच्या रहिवाशाने चिठ्ठीवर भागवलं तर तो सभ्य, आणि बाहेरून आलेल्याने ग्रुपवर विचारलं तर तो रुळला नाही. आजकाल कुठल्याही मोठ्या शहरात कोण कुणाची बेल वाजवतं हो? नव्याने आलेल्याने तिथल्यांपेक्षा दुप्पट मनमिळाऊ व्हायचं तर त्याला पास करणार, ही परीक्षा काढली कुणी?

पाऊलखूण

काडीपेटी, बिनतोड आहे. फरक एवढाच की त्या शेजाऱ्याचं न बोलण्याने काही अडत नाही. त्याचा डॉक्टर, वकील, शाळेतला मित्र, नगरपालिकेत ओळखीचा कारकून, सगळं आधीपासून आहे. आपल्याकडे ते काही नसतं, म्हणून न बोलण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

दुपारउन्हं

धागाकर्त्याशी अर्धीच सहमत. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, मला काम करायची परवानगी नव्हती, तो सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा आणि मधले सगळे तास मी आणि भिंती. तुम्ही म्हणता बेल वाजवा, अहो कुठल्या तोंडाने वाजवणार, भाषा येत होती पण ती परीक्षेतली, समोरच्याने दोन वाक्यं भरभर म्हटली की मी संपले. मला घराबाहेर काढलं ते फेसबुकनेच, पण आपल्या लोकांच्या ग्रुपने नाही. आमच्या वस्तीचा एक स्थानिक ग्रुप होता, हरवलेलं मांजर, रस्त्यावरचं पार्किंग, नको असलेलं कपाट कुणी उचलून न्या, असल्या गोष्टींचा. मी त्यात कित्येक महिने नुसती वाचायची, एक अक्षर लिहायची नाही. त्यातून शिकले काय, तर इथे माणसं भांडतात कशी! पार्किंगवरून एकाने दुसऱ्याला लिहिलेलं मला आधी अगदी नम्र विनंती वाटली, मग खालच्या प्रतिक्रिया वाचल्यावर कळलं की तो चांगलाच खवळलाय आणि बाकीचे त्याला शांत करतायत. असं वाचून वाचून मला समोरची बोलणीही उमजायला लागली, कोण खरंच मदत देऊ करतंय आणि कोण आपलं म्हणायचं म्हणून म्हणतंय. मग एकदा धीर करून फुकट द्यायची एक खुर्ची मागितली, ती घेऊन आलेल्या बाई दारातच कितीतरी वेळ बोलत उभ्या राहिल्या. आता त्यांच्याबरोबर ग्रंथालयात जाते. हे सगळं लपून बघता आलं म्हणून झालं. प्रत्यक्षात कुणी मला इतके महिने गप्प बसून नुसतं ऐकू दिलं असतं का? एकदा दोनदा हसून बघितलं असतं आणि मग बोलावणंच बंद केलं असतं.

जुनं_खोड

दुपारउन्हं ताई, प्रतिसाद फार आवडला.

बाकी हे भांडण शंभर वर्षांचं जुनं आहे हो. शिकागोला रॉबर्ट पार्क म्हणून समाजशास्त्रज्ञ होता, आधीच्या जन्मात पत्रकार. १९२२ साली त्याने अमेरिकेत आलेल्यांच्या स्वभाषेतल्या वर्तमानपत्रांवर पुस्तक काढलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात या पेपरांकडे संशयाने बघायचे, की हे लोक आपलीच भाषा धरून बसतात, मिसळत नाहीत, निष्ठा नक्की कुठे आहे वगैरे. पार्कने दोन्ही बाजू दाखवल्या. पेपर त्यांना मायदेशाशी बांधून ठेवतो हे खरंच, पण त्याच पेपरातून त्यांना अमेरिका कळत होती, आणि आपल्या भाषेत कळत होती म्हणून लवकर कळत होती. कित्येकांनी गावी असताना पेपर हातात धरलेला नव्हता, वाचायची सवय लागली ती परक्या देशात येऊन. धागाकर्त्याच्या ग्रुपवर शाळेचा अर्ज समजावून सांगतात ते याहून वेगळं काय आहे?

त्याच्याही आधी, १९१८ ते १९२० मध्ये, थॉमस आणि झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञ जोडीने पोलंड आणि अमेरिका यांच्यामध्ये विभागलेल्या शेतकरी कुटुंबांची पत्रं गोळा करून पाच खंडांचा अभ्यास छापला. पत्रांचा मायना ठरलेला, आधी देवाचं नाव, मग आम्ही खुशाल आहोत, मग घरातल्या एकेकाला नमस्कार, ही भली मोठी यादी. लेखकांचं म्हणणं असं की या पत्राचं मुख्य काम बातमी देणं नाहीच, माणसं दूर गेली तरी घर एक आहे हे परत परत दाखवणं आहे. तेव्हापासून मी सकाळच्या गुड मॉर्निंगवाल्या फुलांना नावं ठेवायचं बंद केलं. कुणी कितीही हसो, त्या फुलांत तोच मायना आहे.

कासवगती

जुनं_खोड यांना अनुमोदन. या विषयात जॉन बेरी या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाचं नाव आल्याशिवाय राहत नाही म्हणून मीच आणतो. त्याची मांडणी दोन प्रश्नांवर उभी आहे, माणसाला आपलं मूळचं जपावंसं वाटतं का, आणि नव्या समाजाशी संबंध हवेसे वाटतात का. दोन्हीला हो म्हटलं तर इंटिग्रेशन, फक्त नव्याला हो म्हटलं तर असिमिलेशन, फक्त जुन्याला म्हटलं तर सेपरेशन, आणि दोन्ही हातचं गेलं तर मार्जिनलायझेशन. २००६ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या स्थलांतरित घरांतल्या पाच हजारांहून जास्त मुलामुलींचा अभ्यास छापला, त्यात दोन्हीकडे पाय असलेली मुलं सगळ्यात बरी निघाली. सगळे इथेच थांबतात आणि भाषणात वापरतात.

पण २०२१ मध्ये बिएरव्याचोनेक आणि कुन्स्ट या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तर एकाच वेळी मोजलेल्या अभ्यासांत हा संबंध लेचापेचा निघाला, आणि तीच माणसं काळानुसार परत परत मोजली तेव्हा जवळजवळ काहीच उरला नाही. म्हणजे दोन्हीकडे पाय ठेवल्याने माणूस सुखी होतो, की आधीच बरं चाललेल्या माणसाला दोन्हीकडे पाय ठेवणं परवडतं, हे सुटलेलं नाही. ज्याची नोकरी धड आहे, कागद धड आहेत, तो संध्याकाळी स्थानिक क्लबातही जातो आणि आपल्या मंडळातही. ज्याचं काहीच धड नाही तो फोन घेऊन पडतो. मग आपण म्हणतो फोनमुळे तो रुळला नाही.

अजून एक, काडीपेटी यांच्यासाठी. बेरी स्वतःच म्हणतो की समोरच्या समाजाची दारं उघडी असतील तरच हे इंटिग्रेशन निवडता येतं. एकट्या येणाऱ्याच्या हातात ते नसतं.

काडीपेटी

चला, आम्ही म्हणत होतो तेच गोऱ्या माणसाने म्हटलं की पटतं. 😄

रात्रपाळी

इथे सगळे शाळेचे अर्ज आणि ग्रंथालयवाले दिसतायत म्हणून लिहितो, टंकायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बांधकामावर होतो, कंपनीची बराक, एका खोलीत आठ जण. तिथे रुळण्याबिळण्याचा प्रश्नच नव्हता, पहाटे बस बराकीतून साइटवर आणि रात्री साइटवरून बराकीत, नवा समाज दिसायचा तो बसच्या काचेतून तेवढाच. त्यांच्या देशात राहून त्यांच्यातल्या कुणाशी बोललो असेन तर मुकादमाचा साहेब आणि दवाखान्यातली नर्स.

आमचा ग्रुप लिहायचा नव्हता, बोलायचा होता. निम्म्यांना टंकता येत नाही, सगळा कारभार व्हॉइस नोटवर. कुठला एजंट दोनदा पैसे घेतो, कुठे पासपोर्ट काढून ठेवतात, पगार थकला तर कामगार खात्यात कुठला कागद घेऊन जायचं, कुठल्या खिडकीवरचा माणूस नीट बोलतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं सांगितलीत आणि त्यात कागदपत्रं काढून घेणं हे एक आहे, हे मला अशाच एका व्हॉइस नोटमधून कळलं, एका शिकलेल्या पोराने सगळी ११ आपल्या भाषेत वाचून दाखवली होती. त्याच्या आधी आम्हाला वाटायचं की मालकाने पासपोर्ट ठेवणं म्हणजे रीतच आहे.

पण त्याच ग्रुपने एकदा सगळ्यांना झोपवलं. नोट आली की उद्या धाडी पडणार, ज्यांचं कार्ड संपत आलंय त्यांनी बाहेर पडू नका. अर्धी माणसं कामावर गेली नाहीत, त्यांचा पगार कापला. नंतर कळलं ती नोट भलत्याच देशातली आणि जुनी. लिहिलेल्यावर निदान तारीख तरी शोधता येते, आवाजावर कुठे काय लिहिलेलं असतं? आणि आवाज घाबरलेला असतो, आपल्या बोलीतला असतो, म्हणून खोटा वाटतच नाही.

दुपारउन्हं

रात्रपाळी दादा, तुमच्या प्रतिसादानंतर माझी खुर्ची फारच गोड वाटायला लागली. पासपोर्ट मिळाला का परत?

रात्रपाळी

मिळाला ताई, आम्ही चौघे मिळून कामगार खात्यात गेलो तेव्हा. एकट्याने गेलो असतो तर मिळाला नसता.

खिडकीपाशी

रात्रपाळी यांनी लिहिलंय त्याला पुष्टी देणारं सांगते. नेदरलँड्समध्ये रियाने डेकर आणि गॉडफ्रीड एंगबर्सन या संशोधकांनी ब्राझील, युक्रेन, मोरोक्कोहून आलेल्यांशी बोलून २०१४ मध्ये लिहिलंय की सोशल मीडियाचा उपयोग घरच्यांशी नातं टिकवण्यापुरता नसतो, जी माहिती सरकार किंवा कंपनी कधीच देणार नाही ती आतली माहिती तिथून मिळते, खिडकीवरचा माणूस कोण नीट बोलतो ही अगदी तीच. पुढे २०१८ मध्ये सीरियन निर्वासितांबद्दलही त्यांनी लिहिलं. लोकांचा समज असा की ही माणसं फोनवर येईल त्या अफवेवर विश्वास ठेवून निघतात, प्रत्यक्षात ती बरीच सावध निघाली. ओळखीच्या माणसाने स्वतः अनुभवलेलं असेल तरच धरायचं, एकच गोष्ट दोन तीन ठिकाणी ताडून बघायची, सांगणाऱ्याचा यात फायदा काय ते बघायचं. ज्यांचा जीव त्या माहितीवर अवलंबून असतो ते आपल्यापेक्षा नीट वाचतात.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय, फोटोंबद्दल. बाहेर पडलेला माणूस फोटो टाकतो तो बर्फाचा, पुलाचा, नव्या कोटातला. घरी वाटतं मजा आहे बुवा. मग तिकडून एकेक मागणी येते, कारण ज्याची मजा आहे त्याच्याकडे मागायचं नाही तर कुणाकडे. आणि इकडे हा माणूस त्याच फोनवर भावाबहिणींचे एकत्र जमलेले फोटो बघतो आणि त्याला वाटतं माझ्यावाचून यांचं काहीच अडत नाही. दोघंही एकमेकांना दाखवायला हसतायत. मी तर असं बघितलंय की व्हिडिओ कॉलच्या आधी खोलीतला वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड उचलून बाथरूममध्ये ठेवतात, भिंतीचा एकच बरा कोपरा ठरलेला असतो, कॉल नेहमी तिथूनच. घरच्यांना इतक्या वर्षांत ती खोली पूर्ण दिसलेलीच नाही.

मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर या अभ्यासकांनी २०१२ च्या पुस्तकात ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो माता आणि मागे राहिलेली त्यांची मुलं, दोघांशीही बोलून बघितलं. मातांना वाटत होतं की फोन आणि इंटरनेट आल्यापासून आपल्याला परत आई होता आलं, अभ्यास घेता येतो, विचारपूस करता येते. मुलांचं म्हणणं इतकं सरळ नव्हतं, काहींना तो आधार वाटला आणि काहींना नुसती पाळत. सगळं सारखंच वापरलं होतं, एकाच कॉलच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडत होत्या.

मधलीसुट्टी

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान. मी इथेच वाढले, माझे आईबाबा स्थलांतरित, मी नाही (किंवा मीही, कोण विचारतंय त्यावर अवलंबून).

आमच्या घरात संध्याकाळी सातनंतर दुसरा देश सुरू होतो. बाबांच्या फोनवर तिकडच्या चर्चा, आईच्या फोनवर तिकडचे नातेवाईक. बाबांना तिकडे कुठल्या पक्षातून कोण फुटला ते तासाभरात कळतं, आपल्या शहराची महापौर कोण आहे ते मी सांगितलं तेव्हा कळलं, आणि त्यांना इथे मतदानाचा हक्क आहे! बरं, फीडचाही काही दोष नाही, तुम्ही ज्यावर थांबता तेच तो परत आणतो, बाबा इथल्या बातमीवर कधी थांबलेच नाहीत तर त्याला काय स्वप्न पडणार. पूर्वी म्हणे तिकडचा पेपर महिन्याने यायचा, तोवर नाइलाजाने इथलं काहीतरी वाचायला लागायचं. आता नाइलाज उरलेला नाही.

पण खरं सांगायचं तर मी इथे देवनागरीत टंकतेय ते याच फोनमुळे. आजीच्या व्हॉइस नोट समजून घ्यायला शिकले, मग तिला लिहायला शिकले. शाळेत कुणी शिकवलं नाही आणि आईबाबांना वेळ नव्हता. त्यामुळे फोन काढून घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

एक राहिलं. समाजातली चौकी. मी मित्रांबरोबरचा फोटो टाकला की इथल्या एका काकूंकडून तो तिकडच्या मावशीकडे, आणि मावशीकडून आईकडे, आई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत. नव्या समाजात रुळायचं म्हणजे थोडं बदलून बघायचं ना? ते बदलून बघणं कुणीतरी सतत टिपून घेत असेल तर माणूस दोन अकाउंटं काढतो. माझ्या वर्गातल्या अशा सगळ्यांची दोन दोन होती.

जुनं_खोड

मधलीसुट्टी, बाळा, प्रतिसाद वाचून माझ्या मुलीला पाठवला. ती म्हणाली माझी तीन होती.

काडीपेटी

मावशीची चौकी परवडली हो, सरकारी चौकी बघा. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात, आणि २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा असं सांगायला लागले. जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांचे फोन तपासत होते, कागद नसले की सरसकट, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये ते बेकायदा ठरवलं. म्हणजे तुम्ही म्हणणार मोकळेपणाने स्थानिक चर्चेत भाग घ्या, मिसळा, मत मांडा, आणि ज्याच्या कागदाचं अजून नक्की नाही तो विचार करणार की हे मत मला उद्या खिडकीवर कुणी वाचून दाखवेल. तो आपल्या बंद ग्रुपातच बोलणार, दुसरं काय करेल.

कासवगती

खरंय. त्यामुळेच कामाच्या ओळखींचा वेगळा विचार करायला हवा, तिथे मत मांडावं लागत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरचा जुजबी ओळखींवरचा १९७३ चा लेख बऱ्याच जणांना माहीत असेल. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस किती वेळा भेटायचा, तर नेहमी भेटणारे १६.७ टक्केच, अधूनमधून भेटणारे ५५.६, क्वचित भेटणारे २७.८. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांवरच्या प्रयोगांतून हेच तपासून पाहिलं, आणि जुजबी ओळखी खरंच जास्त कामाच्या निघाल्या, पण अगदी शून्य ओळख नव्हे, थोडीशी हवी.

आता हे धागाकर्त्याच्या ग्रुपला लावून बघा. सगळे एकाच वाटेने आलेले, एकाच प्रकारच्या कंपन्यांत, एकाच दोन वस्त्यांत. नोकरी गेली तर एका वेळी दहा जणांची जाते आणि दहाही जण त्याच ग्रुपवर विचारतात. दुपारउन्हं यांची खुर्चीवाली बाई इथे जास्त कामाची.

खिडकीपाशी

हो, पण खुर्चीवाली बाई रात्री दोनला फोन उचलेल का? माझ्या मैत्रिणीला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा मुलाला सांभाळायला आली ती ग्रुपवरचीच एक, जिला मैत्रीण आधी कधी भेटलीही नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यानुसार २०२४ च्या मध्याला जगात ३० कोटी ४० लाख लोक आपला देश सोडून दुसरीकडे राहत होते. एवढा मोठा आकडा वाटतो पण तो जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्केच आहे. म्हणजे तुमच्या जुन्या ओळखीतली बहुतेक माणसं कधी हललेलीच नाहीत, त्यांना तुमची अडचण सांगूनही कळत नाही. ज्यांना अर्ध्या वाक्यात कळतं ती माणसं ग्रुपवरच भेटतात. नोकरीसाठी जुजबी ओळख, पण ताप चढला की दुसरीच लागते.

पाऊलखूण

सगळे प्रतिसाद वाचले, फार काय काय निघालं. रात्रपाळी आणि खिडकीपाशी यांचं पटलं, बंद ग्रुप नसता तर काही जणांचं काय झालं असतं हे सांगता येत नाही. मधलीसुट्टी यांचं संध्याकाळी सातचं वाचून आमच्या घरात शांतता पसरली आहे.

तरी चिठ्ठीवाला मुद्दा मी सोडत नाही. आम्ही अ‍ॅडमिन मंडळींनी आता एक प्रयोग सुरू केलाय. कागदपत्रं, दवाखाना, फसवणूक, यांची उत्तरं पूर्वीसारखीच लगेच. पण 'माझा शेजारी, माझा वरिष्ठ, मुलाच्या वर्गातल्या मुलाची आई असं का वागली' अशा प्रश्नावर ग्रुपने अंदाज बांधायचे नाहीत, त्या माणसाशी बोलायचं वाक्य तयार करून द्यायचं. काय म्हणायचं, कसं सुरू करायचं, ते नाहीच म्हणाले तर काय. काही जणांना राग आलाय, ग्रुप मन मोकळं करायला आहे की संभाषणाचा क्लास, असं म्हणतात. दोघं सोडूनही गेले.

काडीपेटी

मीही सोडला असता. दिवसभर परक्या भाषेत जीभ वळवून आल्यावर रात्री मला वाक्य नको असतं, दोन शिव्या घालायच्या असतात शेजाऱ्याला, आणि चार लोकांनी हो ना रे म्हणायचं असतं.

दुपारउन्हं

मग त्यासाठी वेगळा ग्रुप काढा, नाव ठेवा 'हो ना रे' 😂 पण खरंच पाऊलखूण, वाक्य तयार करून देणं चांगलं आहे, मला त्या दिवसांत कुणी दिलं असतं तर खुर्चीपर्यंत लवकर पोचले असते. फक्त काही बायकांना बोलायचं वाक्य नको असतं, कुठे तक्रार करायची ते हवं असतं, आणि शेजारी खरंच वाईट वागत असतो. ते कोण ठरवणार? तुम्ही अ‍ॅडमिन सगळे पुरुष आहात का?

पाऊलखूण

आहोत. मुद्दा घेतला, एकीला विचारतो.

बॅगभरतोय

नमस्कार, इतके दिवस वाचनमात्र होतो, हा धागा बघून खातं जागं केलं. मी लवकरच पहिल्यांदाच बाहेर जातोय. तिथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपमध्ये आधीच सामील झालोय, तिथे एकाने घर दाखवलंय, फोटो मस्त आहेत, तो म्हणतो दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी पाठव नाहीतर दुसरा घेईल. आपल्याच भाषेत बोलतो, फोनवरही नीट बोलला. पाठवू का?

रात्रपाळी

अजिबात पाठवू नका. आवाजाचं मी वर लिहिलंय.

खिडकीपाशी

तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडेल. व्हिडिओ कॉलवर घर दाखव म्हणा, खिडकीतून खालचा रस्ता आणि दारावरचा नंबर, आत्ताच्या आत्ता. टाळाटाळ केली तर समजून जा. सुरुवातीचे काही आठवडे तात्पुरतं कुठेतरी राहा, घर स्वतः पाय ठेवून बघून मगच पैसे.

पाऊलखूण

शहर कुठलं? माझ्याच ग्रुपचा मेंबर नसेल ना तो. त्याचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दुसऱ्या अ‍ॅडमिनांनाही विचारतो.

बॅगभरतोय

रस्ता दाखव म्हटलं तर फोन उचलत नाहीये. व्यनि केलाय.